घरची भाजी परवडते का? कुंडी, गच्ची आणि परसबागेच्या हिशेबाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली नऊ वर्षे भाजीपाला लावत आलो आहे, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या खर्चाची वही ठेवली आहे. बागेविषयी जे प्रश्न शेजारी, नातेवाईक आणि नव्याने सुरुवात करणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भाव पुण्याच्या आसपासचे आणि अंदाजे आहेत. आपल्या गावी ते थोडे पुढे-मागे असतील.

घरी भाजी पिकवली तर पैसे वाचतात का?

सगळे सामान विकत आणून सुरुवात केली, तर पहिल्या वर्षी वाचत नाहीत, आणि पुष्कळांचे दुसऱ्या वर्षीही वाचत नाहीत. घरातील ओल्या कचऱ्याचे खत केले, कुंड्यांऐवजी हाताशी असलेले डबे आणि क्रेट वापरले आणि पिके विचारपूर्वक निवडली, तर पहिल्या सहा-आठ महिन्यांतच घातलेला खर्च भरून निघू शकतो. दोन्ही बागा दिसायला सारख्याच असतात. त्यांच्यातील फरक झाडांचा नसून मातीचा आहे, कारण बियाण्याला लागणारे पैसे नगण्य असतात आणि खरा खर्च माती, खत आणि ती भरायची भांडी यांवर होतो.

हिशेब नेमका कसा मांडावा?

उदाहरण म्हणून १२ इंची १० कुंड्यांची बाग घेऊ. प्लास्टिकची बरी कुंडी १५० रुपयांना धरली तर कुंड्यांचे १,५०० रुपये होतात. लाल मातीच्या पाच गोण्यांचे ७५०, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दोन विटांचे ४००, ४० किलो गांडूळखताचे ८००, तीन किलो निंबोळी पेंडेचे १५०, बियाण्याच्या सहा पाकिटांचे १८० आणि खुरपे, झारी वगैरेंचे ३०० रुपये धरले, तर बेरीज ४,०८० रुपयांवर जाते. वाहतुकीचे पैसे यात धरलेले नाहीत, आणि मातीच्या गोण्या रिक्षातून आणणाऱ्याला ते चांगलेच जाणवतात.

हा सगळा आकडा एकाच वर्षाच्या माथी मारणे योग्य नाही. कुंड्या, माती, कोकोपीट आणि अवजारे पाच वर्षे टिकतात असे मानले तर त्यांचा वर्षाचा वाटा ५९० रुपये येतो. खत, पेंड आणि बियाणे मात्र दरवर्षी लागतात, त्यांचे १,१३० रुपये मिळवले की वर्षाला १,७२०, म्हणजे महिन्याला साधारण १४३ रुपये होतात. आता प्रश्न एवढाच उरतो की त्या १० कुंड्या दरमहा १४३ रुपयांची भाजी देतात का. मेथी, पालक, टोमॅटो असे सगळे थोडे थोडे लावणाऱ्याला त्या तेवढी देत नाहीत, हे मी स्वतःच्या वहीवरून सांगतो.

याच हिशेबातून विकतचे खत आणि पेंड काढून टाकली, कुंड्यांच्या जागी रंगाचे रिकामे डबे आणि फळबाजारातील जुने क्रेट आणले, तर वर्षाचा खर्च पाचशे रुपयांच्या आत येतो. पैशांच्या दृष्टीने परवडणाऱ्या बागेची सुरुवात तेथून होते.

मेथी-कोथिंबीर तर घरच्या दाण्यांतून येते. ती तरी फुकट पडते ना?

दाणे जवळजवळ फुकट पडतात हे खरे. डब्यातील मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की चार दिवसांत वर येतात आणि महिन्याभरात भाजी काढता येते. धने मात्र लाटण्याने हलके रगडून त्यांची दोन दले वेगळी करावी लागतात, कारण प्रत्येक फळात दोन बिया असतात. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि एवढ्या अवधीत पुष्कळ जण निराश होऊन ती माती उकरून पाहतात. जुने किंवा भाजलेले धने उगवत नाहीत.

अडचण जागेची आहे. १२ इंची गोल कुंडीचे तोंड इतके लहान असते की त्यात दाट पेरलेली मेथी उपटली तर मूठभर, म्हणजे बाजारातील जुडीच्या जेमतेम पाव भाग भरते. तीच मेथी दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद क्रेटमध्ये, तळाशी गोणपाट अंथरून पाच-सहा इंच मातीत पेरली, तर एक जुडी मिळते. पालेभाजीला खोली नको, पसारा हवा. आणि कुंडीच्या दुकानात आपल्याला नेमकी खोलीच विकली जाते. चार माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा घरची पालेभाजी हवी असेल तर आठवड्याच्या अंतराने पेरलेले चार-पाच क्रेट लागतात, आणि तेवढी सपाट जागा बाल्कनीत नसते, गच्चीवरच असते. पालक याबाबतीत अधिक उदार आहे: पाने वरवर कापून घेतली तर एका पेरणीत तीन-चार वेळा भाजी होते.

मग कोणती पिके खरोखर परवडतात?

माझा अनुभव असा आहे की जी वस्तू आपल्याला चिमूटभर लागते पण जुडीभर घ्यावी लागते, ती घरी लावणे सर्वांत फायद्याचे ठरते. पुदिन्याची जुडी आपण चटणीसाठी आणतो, दहा-बारा काड्या वापरतो आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडून फेकली जाते. कढीपत्ता फोडणीला सात-आठ पानेच लागतात. गवती चहाची दोन पाती, चार हिरव्या मिरच्या, ओव्याची भजी करायची म्हणून पंधरा पाने, थालीपीठ लावताना चार काड्या कोथिंबीर: या सगळ्यांत बाजारभावापेक्षा वाया जाणारा भाग मोठा असतो, आणि झाडावरून लागेल तेवढेच खुडले की तो पूर्ण वाचतो. आठवड्याला असे १० रुपयांचे दोन नगही टळले तरी वर्षाला हजाराच्या आसपास रक्कम होते, आणि त्यासाठी चार-पाच कुंड्या पुरतात.

आमच्याकडील कढीपत्ता एका २० लिटरच्या रंगाच्या डब्यात सात वर्षे उभा आहे. त्याला वर्षातून दोनदा शेणखत आणि उन्हाळ्याच्या शेवटी छाटणी यापलीकडे काही लागलेले नाही. शेंड्याजवळ फुलोरा दिसला की तो लगेच खुडून टाकतो, कारण फुलावर गेले की नवी पाने मंदावतात. या एका झाडाने बागेतील इतर सगळ्या झाडांपेक्षा जास्त पैसे वाचवले आहेत.

दुसरा गट आहे एकदा लावून वर्षानुवर्षे चालणाऱ्या पालेभाज्यांचा: अळू, मायाळू आणि शेवगा. वडीच्या अळूचा एक कांदा मोठ्या टबात लावला की पावसाळाभर पाने मिळतात; टबात पाणी साचले तरी त्याला चालते. मात्र तो शोभेचा नसून खाण्याचा आहे याची खात्री करूनच कांदा घ्यावा. मायाळूची काडी मातीत खोचली तरी फुटते आणि तिची भजी व भाजी दोन्ही होतात. शेवग्याला जमीनच हवी. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी जाड फांदी लावावी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ वाण आणावा. शेंगांइतकीच त्याची पाने आणि फुलेही खाल्ली जातात. फांद्या ठिसूळ असल्याने झाड घरापासून आणि वाहने उभी करण्याच्या जागेपासून दूर असावे.

कोणती पिके घरी लावू नयेत?

कांदा, बटाटा, कोबी आणि फ्लॉवर यांचा पैशांच्या हिशेबात विचारच करू नये. कोबीचे एक रोप १२ इंची कुंडी जवळपास तीन महिने अडवते आणि शेवटी २०-३० रुपयांचा एक गड्डा देते, तोही अळीने आधी चाखलेला. मुलांना दाखवण्यासाठी एखादे रोप लावले तर ती वेगळी गोष्ट.

भेंडीबद्दल गैरसमज फार आहे. रोप जोमदार येते, फूल सुंदर असते, पण एका रोपावर दोन-तीन दिवसांनी एखादी शेंग तोडायला येते. चार माणसांच्या एका भाजीला अर्धा किलो भेंडी लागते, म्हणजे १० रोपांची भेंडीसुद्धा आठवडाभर साठवावी लागते. शेंग झाडावर ठेवली तर जून होते. म्हणून लावायचीच तर १० ते १५ रोपे लावावीत, नाहीतर लावू नये. केवड्याला (पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला) तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण चांगला, आणि त्याचे बी पुढच्या वर्षासाठी घरीच धरता येते.

टोमॅटो १५० रुपये किलो होतो तेव्हा तरी घरचा टोमॅटो फायद्याचा नाही का?

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून कित्येक शहरांत १५० रुपयांच्याही वर गेला आणि त्या महिन्यात रोपवाटिकांमध्ये टोमॅटोच्या रोपांना मोठी मागणी होती. पण बी पेरल्यापासून रोप तयार व्हायला साधारण २५ दिवस आणि लावणीनंतर पहिले फळ पिकायला ६० ते ७० दिवस लागतात. त्या जुलैत पेरलेला टोमॅटो ऑक्टोबरात लाल झाला असेल. तोवर, सप्टेंबरमध्येच, भाव कोसळून शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही निघेनासा झाला होता. बाजारात भाव चढलेला पाहून लावलेले पीक घरी नेहमी उशिराच येते.

शिवाय भाव ज्या कारणाने चढतो तेच कारण आपल्या गच्चीवरही असते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात आणि जूनच्या पावसात पाने करपवणारा करपा रोग येतो. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो पिकवणाऱ्या पट्ट्यात जे होते ते आपल्या कुंडीत टळेल असे मानण्याला आधार नाही. टोमॅटो लावायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावा, दोन-तीनच रोपे ठेवावीत आणि शक्यतो लहान गोल चेरी टोमॅटोची ठेवावीत, कारण तो दुकानात महाग मिळतो आणि कुंडीत मात्र सहज येतो.

ऊन किती लागते?

फळभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन आणि पालेभाज्यांना तीन-चार तास. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत पुदिना, अळू आणि थोडीफार कोथिंबीर सोडून बाकी कशावरही पैसे घालू नयेत. खर्च करण्यापूर्वी एका सुटीच्या दिवशी दर तासाला जाऊन ऊन कोठे पडते ते खडूने आखून पाहावे, आणि सूर्याचा मार्ग बदलत असल्याने मे आणि डिसेंबर अशा दोन्ही महिन्यांत पाहावे.

माती घरी कशी तयार करावी?

या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे शिक्षक आणि ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. घरातला आणि शेतातला काडीकचरा कुजवून माती तयार करता येते आणि थोड्या जागेत कुटुंबापुरते पिकवता येते, हे त्यांनी अनेक दशकांपूर्वी लोकांना प्रत्यक्ष करून दाखवले. महाराष्ट्रातील गच्चीवरच्या बागांचे बरेचसे शहाणपण त्या विचारातून आलेले आहे.

पद्धत साधी आहे. बाजूंना आणि तळाला भोके पाडलेला जुना पिंप घ्यावा. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर वाळलेला पाला, मग रोजचा ओला कचरा आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला घालत जावे. पाला कमी पडला की वास येतो आणि चिलटे होतात; जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ हेच असते. मूठभर जुने खत किंवा आंबट ताक विरजणासारखे घातले की कुजणे लवकर सुरू होते. दोन महिन्यांत तळाचे खत काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास आला म्हणजे खत झाले. महिनाभरात २० किलो ओला कचरा घातला तरी हाती चार-पाच किलोच खत येते, हे आधीच लक्षात घेऊन बागेचा आकार ठरवावा. झाडे किती लावायची हे जागेवर नव्हे, खतावर ठरवले की विकत घ्यावे लागत नाही.

विकतच्या मातीविषयी एक सांगणे आहे. पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून आणलेल्या आठ गोण्यांपैकी तीन गोण्यांत लाल मातीच्या थराखाली इमारतीचा राडारोडा निघाला, आणि त्यातील चुन्यामुळे मिरचीची रोपे पिवळी पडून खुरटली. गोणी घेण्यापूर्वी ती ओतून पाहण्याचा आग्रह धरावा.

गच्चीला वजन पेलते का? गळती झाली तर तो खर्च कोणाचा?

भारतीय मानक ८७५ नुसार वावर असलेल्या सपाट गच्चीचे आरेखन साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून केलेले असते. गच्चीभर एक फूट ओली माती पसरली तर तिचे वजन चौरस मीटरला ५०० किलोंच्या घरात जाते. म्हणून वाफे बांधण्याचा विचार स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये. निव्वळ मातीने भरलेली १२ इंची कुंडी पाणी घातल्यावर २५ किलोंच्या पुढे जाते, तर कोकोपीट, पाला आणि खत जास्त असलेली तीच कुंडी १५-१८ किलोंत राहते. कुंड्या तुळईच्या आणि भिंतीच्या कडेने, विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे खालून पाणी वाहते आणि ओल दिसते. गळतीची दुरुस्ती बागेच्या दहा वर्षांच्या बचतीपेक्षा मोठी असते. हा धोका हिशेबाबाहेर ठेवणे चुकीचे आहे. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

पाण्याचा खर्च धरावा का?

नळाचे पाणी असेल तर तो नगण्य आहे. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मात्र धरावा. मे महिन्यात एक कुंडी दिवसाला लिटर-दीड लिटर पिते, म्हणजे ३० कुंड्यांना ४० लिटरच्या आसपास. मातीवर पाल्याचे दोन बोटे जाड आच्छादन घातले की हे प्रमाण बरेच घटते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी रोज घालू नये, कारण त्यातील क्षार कुंडीत साठत जातात.

कीड पडली की औषधांचा खर्च वाढतो का?

वाढू देऊ नये. मावा दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. न गेल्यास लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. भुरीसाठी, म्हणजे पानांवरील पांढऱ्या बुरशीसाठी, पातळ आंबट ताक. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासून काढावा आणि मुंग्यांची वाट बंद करावी, कारण मुंग्याच त्याला झाडावरून झाडावर नेतात. दोन फवारण्यांनी न सुधारणारे रोप उपटून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो करायला जड जाते हेही मी जाणतो.

फुले भरपूर येतात, पण दोडका-दुधी धरत नाहीत. खर्च वाया गेला का?

उंच मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, एवढाच त्याचा अर्थ असतो. नराचे फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या केंद्रावर हलकेच टेकवावा. मादी फुलाच्या मागे बारीकसे फळ असते त्यावरून ते ओळखू येते. कारले आणि काकडीचे हे काम सकाळी करावे. दोडका आणि दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवेलागणीला गच्चीवर जावे लागते. वेलाला ४० लिटरपेक्षा लहान भांडे देऊ नये.

गावाकडील परसबागेलाही हाच हिशेब लागू आहे का?

मुळीच नाही. कोकणात आणि गोव्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू वाढतात, मांडवावर पडवळ आणि कारली चढतात, हिवाळ्यात तांबड्या माठाचे वाफे होतात, आणि यांतील कशालाही माती, कुंडी किंवा पाणी विकत आणावे लागत नाही. तेथे खर्च असलाच तर माकडांपासून आणि गुरांपासून राखणीचा आहे. शहरात आपण जे विकत घेतो ते खरे तर हेच अंगण असते.

आपल्या वेळेची किंमत धरली तर?

२० कुंड्यांना रोज २० मिनिटे लागतात. त्यांना मजुरीचा दर लावला तर कोणतीही घरची भाजी परवडणार नाही. पण त्या दराने घरचा स्वयंपाकही परवडत नाही. मी वहीत वेळ धरत नाही. मात्र मे महिन्यात किंवा गणपतीत जे आठ-दहा दिवस गावी जातात, त्यांनी पाणी घालणारे माणूस आधी ठरवावे. आमची एका उन्हाळ्यातील सगळी मिरची अशीच सहा दिवसांत वाळून गेली.

महापालिकेकडून काही सवलत मिळते का?

भाजीपाल्यासाठी म्हणून नाही. पुणे महापालिका मात्र गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांचे प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू असणे आवश्यक असते. सोसायटीने मिळून खत केले तर बागेला खत आणि करात सूट असे दोन्ही साधते.

पाचशे रुपयांत सुरुवात कशी करावी?

मे महिन्याच्या सुरुवातीला पिंप भोके पाडून मांडावा आणि सोसायटीची झाडलोट करणाऱ्या काकांना सांगून वाळका पाला गोणीत भरून ठेवावा. हे काम फुकट होते. जूनच्या शेवटी, पहिले चार-पाच पाऊस झाल्यावर, रंगाचे चार डबे, दोन क्रेट आणि मातीची एकच गोणी आणावी. माती, पिंपातील अर्धवट कुजलेला पाला आणि थोडे शेणखत समप्रमाणात मिसळून भांडी भरावीत. एका डब्यात कढीपत्त्याचे रोप, दुसऱ्यात भाजीवाल्या मावशींकडून आणलेल्या पुदिन्याच्या मुळासकट चार काड्या, तिसऱ्यात गवती चहाचा एक ठोंब, चौथ्यात मिरचीची दोन रोपे लावावीत. क्रेटमध्ये पहिल्या पावसाळ्यात कोथिंबीर पेरू नये, ती सडते. माठ आणि आंबट चुका पेरावा. कोथिंबीर-मेथी ऑक्टोबरात. नवे भांडे तेव्हाच आणावे, जेव्हा ते भरण्याइतके खत पिंपात तयार असेल. कढीपत्त्याची पाने पहिले वर्षभर तोडू नयेत. रोप फूटभर झाले की फक्त शेंडा खुडावा, म्हणजे ते बाजूंनी फुटते.